बोल एकट्या ईजबेललाच का?

राजघराण्यातली लग्ने राज्याच्या सोयीसाठी ठरतात आणि पुढे बिनसले की बोल परक्या सुनेला लागतो. ईजबेलइतका तो फार थोड्या राण्यांच्या वाट्याला आला.

इसवी सनपूर्व नवव्या शतकात अम्रीने शोमरोनच्या टेकडीवर इस्राएलची नवी राजधानी वसवली. त्याच्या मुलाने, अहाबाने, सीदोनी राजा एथबालाची मुलगी ईजबेल ही बायको केली. एथबालाकडे बंदरे आणि जहाजे, इस्राएलकडे धान्य आणि तेल, तर उत्तरेकडून अश्शूर चढत येत होते. सोयरीक शहाणपणाचीच होती. ८५३ मध्ये कर्कारला अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसरा याला आडव्या गेलेल्या फौजेत अहाबाचे २,००० रथ होते, असे शत्रूचाच शिलालेख सांगतो.

राणीबरोबर तिचा देव बआल आला, शोमरोनात त्याचे मंदिर झाले. तरी अहाबाने इस्राएलच्या देवाला, यहोवाला, सोडले नव्हते. अहज्या आणि यहोराम या त्याच्या मुलांच्या नावांत यहोवाच आहे. दोन्ही देव सांभाळायची ही दरबारी तडजोड होती. मात्र तिचा भार कोणी उचलला? बायबल सांगते की दुष्काळात राजा जनावरांसाठी गवत शोधत फिरत होता, तेव्हा राणीच्या पंक्तीला शेकड्यांनी संदेष्टे जेवत होते आणि यहोवाचे संदेष्टे जिवाच्या भीतीने गुहांत लपले होते.

मग इज्रेलचा नाबोथ. वाड्याला लागून असलेला त्याचा द्राक्षमळा राजाला भाजीपाल्यासाठी हवा होता. मोबदला मिळत असूनही वाडवडिलांची जमीन द्यायला तो तयार झाला नाही. ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे धाडली, खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथ दगडांनी मारला गेला. पत्रांवर शिक्का अहाबाचा होता, मळ्याचा ताबा घ्यायलाही तोच गेला. यहोवाचा संदेष्टा एलीया याने जाब विचारला तोही राजालाच. कोकणातले बेने इस्राएल आजही मलिद्याच्या विधीत ज्याला आळवतात, तोच हा एलीया. एवढे असून पिढ्यान्‌पिढ्या शिवी उरली ती ईजबेलच्या नावाची, हे मला अन्यायाचे वाटते.

पुढे इस्राएलचा सेनापती येहू याने बंड करून ईजबेलला खिडकीतून खाली टाकवले, बआलच्या भक्तांची कत्तल केली, शेजारच्या मित्रराज्याचा, यहूदाचा, राजाही मारला. धर्म शुद्ध केल्याचे समाधान त्याला मिळाले असेल, पण सीदोनींचा फिनिशिया आणि यहूदा हे दोन्ही आधार तुटले. ज्या शल्मनेसरापुढे अहाब रथ घेऊन उभा राहिला होता, त्यालाच येहूने ८४१ मध्ये खंडणी दिली.