ब्राउझरची डागडुजी

पिंपळगाव राजा येथील कित्येक खातेदार आतां सातबारा घरबसल्या पाहतात आणि कापसाचे पैसेही बँकेच्या पानावरूनच फिरवितात. मात्र हें सारें ज्या ब्राउझरमधून होतें, तो अद्ययावत् करण्याची सूचना ‘उद्यां पाहूं’ म्हणून सारली जाते. आमच्या मतें ही हयगय घातक आहे.

सप्टेंबर २०२३ मध्यें वेबपी जातीचीं चित्रें वाचणाऱ्या भागांत असा दोष आढळला, कीं कपटानें रचलेलें चित्र नुसतें पानावर आलें तरी परक्याचा हुकूम आपल्या यंत्रांत चालावा. क्रोम व फायरफॉक्स यांच्या कर्त्यांनीं दुरुस्ती तत्काळ दिली. पण दुरुस्ती जाहीर झाली कीं भगदाड कोठें होतें हें चोरांसही कळतें. मग मागें राहिलेलाच नागविला जातो. डाटा खर्चतो ही तक्रार खरी, परंतु वर्षाच्या कमाईपुढें तो खर्च किती?

कारकुनीच्या भाषेंत सांगावयाचें तर, फेरफार प्रमाणित झाल्यावांचून सातबाऱ्यावर अंमल होत नाहीं. तद्वत् उतरवून घेतलेली दुरुस्ती ब्राउझर बंद करून पुन्हां उघडल्यावांचून लागू होत नाहीं. विंडोज ७ वर तर क्रोमची १०९ वी आवृत्तिच शेवटची. तशा यंत्रावर बँकेचा पासवर्ड घालूं नये. आणि ‘ब्राउझर जुना झाला’ असें एखादें परकें पान ओरडूं लागल्यास तेथें बोट लावूं नये. दुरुस्ती ब्राउझरच्या स्वतःच्या सेटिंगमधूनच घ्यावी.