दुभाष्यावर भागणार नाही!

ज्वराचे निदान नाडीवरून करता येते; मनाच्या व्यथेला शब्दांवाचून दुसरी नाडी नाही. ते शब्दच ज्याला कळत नाहीत, त्या वैद्याने निदान करावे तरी कशाचे? अमेरिकेतील स्पॅनिशभाषी मनोरुग्णांचा प्रश्न हाच आहे. २०२० च्या शिरगणतीनुसार तेथील हिस्पॅनिक समाज सहा कोटींहून अधिक आहे. हे सारेच काही उपरे नव्हेत. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा विस्तीर्ण मुलूख अमेरिकेत गेला. कित्येकांचे पूर्वज जागच्या जागी राहिले, सीमा तेवढी त्यांच्यावरून सरकली. १९५६ चा घाव सोसलेल्या सीमावासीयांना हे निराळे समजावून सांगावयास नको!

न्यूयॉर्कमधील मनोविकारतज्ज्ञ लुईस मार्कोस यांना १९७३ च्या अभ्यासात असे आढळले की, त्याच रुग्णांची मुलाखत स्पॅनिशऐवजी इंग्रजीत घेतली असता त्यांचा विकार अधिक तीव्र भासतो. परक्या भाषेत अडखळणे हे वेडाचे लक्षण ठरावे, याहून मोठा अन्याय कोणता? दुभाषी नेमा म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्यांना त्यांच्याच १९७९ च्या अभ्यासाने उत्तर दिले आहे. दुभाषी शब्द गाळतो, बदलतो, विस्कळीत बोलणे सावरून सांगतो. आणि तो विस्कळीतपणाच तर वैद्याने ऐकावयाचा असतो!

तेव्हा वैद्यच द्विभाषिक घडविला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्राचे जे चार वर्षांचे शिक्षण तेथे दिले जाते, त्यातच स्पॅनिशमधून रुग्णतपासणी, तिची परीक्षा आणि ती भाषा जाणणारे अध्यापक यांची सोय हवी. बाजारात भाव करण्यापुरती भाषा येणे निराळे. जीव नकोसा वाटतो का, हे हळुवारपणे विचारता येणे निराळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेने २००४ साली लॅटिनो समाजासाठी वैद्य घडविणारा अभ्यासक्रम सुरू केला. ही वाट आता रुंद झाली पाहिजे. कारण इंग्रजी न जाणणाऱ्यांना सरकारी सेवा सुलभ करणारा २००० सालचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी मार्च २०२५ मध्ये रद्द करून इंग्रजीला राजभाषा ठरविले आहे.

आपल्याकडील २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. परंतु माहिती सांगणे म्हणजे व्यथा ऐकणे नव्हे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या रुग्णांसाठी मनोविकारतज्ज्ञ नेमताना कानडीबरोबर मराठीचे ज्ञान ही अट असलीच पाहिजे. खटला सीमेचा असो वा नसो, रुग्णाला तारखा देऊन चालत नाही!