इंजिन रुसले, तर आधी काय पाहाल?



उन्हाळा तापला की मोर्शी, वरूड, अचलपूरकडे संत्र्याच्या झाडांवर आंबिया बहाराची फळे असतात. नेमके तेव्हाच नाल्यावरचे इंजिन बंद पडते. पाणी लांबले की फळगळ सुरू होते. दर्यापूर-अकोटकडे हीच गत हरभऱ्याला शेततळ्यातून पाणी देताना होते. घरधनी चिडून पाना उचलतो आणि दिसेल तो नट ढिला करतो. संध्याकाळपर्यंत सारे सामान पोत्यावर पसरलेले असते. आणि मूळ दोष काय निघतो? टाकीच्या झाकणाचे बुजलेले छिद्र!

पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी निघाली. पुढे मोटेची जागा हळूहळू इंजिनांनी घेतली. मोटेचा दोष डोळ्यांना दिसे. नाडा तुटला, बैल बसला, की कळे. इंजिनाचा दोष पोटात असतो, म्हणून वैद्य नाडी पाहतो तसे त्याला क्रमाने तपासावे. डिझेल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: स्वच्छ डिझेल, भरपूर हवा आणि पोटातला दाब. यातले काय कमी पडले, एवढेच शोधायचे आहे.

पहिले डिझेल पाहा. टाकीत आहे ना? कॉक उघडा आहे ना? इंजिन थोडा वेळ चालून बंद पडत असेल तर टाकीचे झाकण सैल करून चालवा. नीट चालले तर झाकणाचे छिद्र साफ करा, काम झाले. नाही तर फिल्टरच्या तळाशी पाणी किंवा गाळ साचला आहे का ते बघा. डिझेल दाट, स्वच्छ फडक्यातून गाळून भरण्याचे काम घरातल्या कुणीही करावे. अर्धे दुखणे तिथेच टळते.

दुसरे, एअर. टाकी एकदा कोरडी पडली की नळीत हवा शिरते. मग इंजिन सुरू होत नाही, किंवा कमी-जास्त वेगाने झुलत राहते. फिल्टरवरचा एअर काढण्याचा स्क्रू थोडा सैल करा. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की आवळा. मग पंपावरचा स्क्रू तसाच करा. त्यानंतर हँडल फिरवताना नोझलचा ‘कुर्र’ आवाज आला, तर डिझेल पोचले समजा. नोझल बाहेर काढून त्याच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नका. तो कातडीत शिरतो.

तिसरे, दाब. दाब सोडण्याची खिट्टी खाली करून हँडल हळू फिरवा. हाताला जोराचा अडथळा लागला पाहिजे. सहज फिरत असेल तर व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेडचे गॅस्केट गेले असेल. इथे आपले काम संपले, मिस्त्रीला बोलवा. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. उलटा झटका बसला तर मनगट मोडते.

इंजिन चालते पण ओढत नाही, अशा वेळी धूर बोलतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा ओझे जास्त. एअर क्लीनर धुवा, आणि पट्ट्यावरचा पंप असेल तर पट्टा उतरवून चालवून पाहा. तरीही काळा धूर आला तर नोझल तपासून घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे: ते जास्त भरले असेल, नाही तर रिंगा झिजल्या. पांढरा धूर थंड इंजिनाला थोडा वेळ येतो. तो थांबतच नसेल, तर डिझेलमध्ये पाणी आहे, दाब कमी आहे किंवा गॅस्केटमधून पाणी आत जाते आहे.

पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहा. क्षारांच्या पाण्याने थंड होण्याच्या वाटेत खपली धरते आणि इंजिन तापते. पाण्याची धार बारीक झाली की वेळीच साफ करा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नका, हेड तडकते.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चालवून पाहा. चार बदलल्या तर कशाने बरे झाले ते कळत नाही. ट्रॅक्टरला आणि डिझेल जीपलाही हाच क्रम लावा.

शेवटी एक कळकळीची विनंती. पंप साधारण २०-२२ फुटांवरूनच पाणी ओढतो. म्हणून विहिरीचे पाणी खोल गेले की काही जण इंजिनच विहिरीत उतरवतात. तसे करू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. माणूस ओरडायच्या आत कोसळतो. कुणी कोसळले तर मागोमाग उतरू नका, नाही तर एकाऐवजी दोन जीव जातात. वरूनच हाका मारा, माणसे आणि मदत बोलवा. इंजिन उद्या दुरुस्त होईल, बहार पुढच्या वर्षी पुन्हा धरता येईल. विहिरीत गेलेला घरचा माणूस मात्र परत येत नाही.