ज्या पाण्यात डाळ शिजत नाही

दिवाळी अंकात मोटारीच्या रेडिएटरवर लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात चकलीशेजारी पान्हा ठेवण्यासारखे आहे, हे मला समजते. पण वर्षभर या सदरात नळाचे वॉशर, मिक्सरची पाती आणि दाराच्या कुरकुरत्या बिजागऱ्या यांचा समाचार घेऊन झाला आहे; आणि सुट्टीत मुलाबाळांना घेऊन मोटारीने बाहेर पडणारे वाचकही काही थोडेथोडके नाहीत. शिवाय हा विषय दिसतो तितका गॅरेजमधला नाही. निम्मा तो स्वयंपाकघरातलाच आहे.

आमच्या यवतमाळात पाण्याची परीक्षा करायला प्रयोगशाळा लागत नाही, तूरडाळ पुरते. कुकरच्या शिट्ट्यांमागून शिट्ट्या झाल्या आणि तरी डाळ बोटाखाली टणकच राहिली, की गृहिणी ओळखते, हे पाणी बोअरचे! नळाला निळोणा आणि चापडोह या धरणांचे पाणी येते तोवर ठीक असते. पण २०१८ च्या उन्हाळ्यात धरणांनी तळ गाठला आणि सारे गाव टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसले. अशा दिवसांत ज्याच्या अंगणात बोअर तो सावकार, आणि ते पाणी मग माठापासून मोटारीपर्यंत सगळीकडे जाते. त्याची सही पाहायची असेल तर मे महिन्याअखेर कूलरच्या गवताच्या ताट्या पाहाव्यात. चैत्रात पिवळ्या असलेल्या ताट्या ज्येष्ठात पांढऱ्या होतात आणि हात लावला तर पापडासारख्या मोडतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. वणीकडे तर चुनखडीच्या खाणीच आहेत. त्या भुईतून झिरपलेल्या पाण्याबद्दल वेगळे काय सांगावे?

वणीचे नाव मुद्दाम काढले. आमची मोटार तिकडून आली. माझे मेहुणे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचे दादा, यांनी नवी मोटार घेतली तेव्हा जुनी आम्हाला अगदी माफक किमतीत दिली. तिचे नाव मी सांगत नाही. अठरा वर्षांच्या वयात गळती लागली म्हणून तिला नावे ठेवणे बरे नव्हे. दादांनी ती प्रेमाने वापरली, दर रविवारी धुतली, आणि तहान लागेल तेव्हा अंगणातल्या बोअरचे पाणी पाजले. हे शेवटचे आम्हाला पुढे कळले.

आता थोडे यंत्राविषयी. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच चाके फिरवण्याच्या कामी येतो, आणि पुष्कळदा तेवढाही नाही. बाकीची काही धुरावाटे जाते आणि काही इंजिनाच्या अंगात मुरते. ही मुरलेली उष्णता बाहेर काढली नाही तर धातू वाकतो. म्हणून इंजिनाच्या पोटातून पाणी खेळवायचे, तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने रेडिएटरमध्ये आणायचे, बारीक नळ्यांतून उतरवताना त्याला वारा द्यायचा आणि निवलेले पाणी खालच्या नळीने परत धाडायचे. विल्हेल्म मायबाख या जर्मन कारागिराने १९०० च्या अखेरीस मर्सिडीजसाठी जो रेडिएटर घडवला त्यात ८,०७० नळ्या होत्या आणि तो मधाच्या पोळ्यासारखा दिसे. आजच्या रेडिएटरच्या नळ्या चपट्या असतात, पण तत्त्व तेच. अशा नळीत कूलरच्या ताटीवरचा तो पांढरा थर बसला तर काय होईल, हे सांगायला इंजिनियर नको.

झाकणाचीही एक गंमत आहे. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचावर असल्याने आमच्याकडे उघड्या भांड्यातले पाणी १०० अंशांपूर्वीच, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते. झाकणावर ०.९ असा आकडा असेल तर आतले पाणी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे तो कुकरच होय! तापलेल्या मोटारीचे झाकण उघडणे म्हणजे शिटी न काढता कुकर उघडणे. फरक इतकाच की इथे डाळीऐवजी तोंड भाजते.

एप्रिलमधली गोष्ट. बाबांना हृदयाच्या तपासणीसाठी सेवाग्रामला न्यायचे होते. बाबा ७८ वर्षांचे. ऊन टाळायचे म्हणून सकाळीच निघायचे ठरले होते, पण त्यांची पूजा, मग औषधे, मग चष्मा, असे करता करता दहा वाजले. कळंबच्या अलीकडे उष्णतेचा काटा मध्यावरून सरकला आणि तांबड्या रेघेकडे निघाला. मी मोटार कडेला एका कडुनिंबाखाली घेतली आणि इंजिन बंद केले. बॉनेटखालून वाफेचा बारीक सुस्कारा येत होता. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी उपरणे ओले करून डोक्यावर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. तासभर आम्ही तिथे होतो. त्या तासात मी काट्याकडे कमी आणि बाबांच्या छातीच्या हालचालीकडे जास्त पाहिले. इंजिन पुरते निवल्यावर फडके धरून झाकण सैल केले, पिण्याच्या बाटल्यांतले पाणी हळूहळू ओतले आणि सेवाग्रामचा नाद सोडून घर गाठले. तपासणीची पुढची तारीख आठ दिवसांनी मिळाली.

गॅरेजमध्ये चौकशी केली तर आमचा नंबर दहा दिवसांनी लागणार! उन्हाळ्यात हे चालायचेच. सगळ्या गावाच्या मोटारी एकदमच तापतात. भाड्याने मोटार मिळाली असती, पण बाबांचा हट्ट की आपल्याच मोटारीने जायचे. मग शेजारचे मिस्त्रीकाका मदतीला आले. एस.टी.च्या कार्यशाळेत उभी हयात काढलेला हा माणूस. त्यांनी बोट घालून रेडिएटरच्या तोंडातली खपली काढली, चिमटीत चुरली आणि म्हणाले, "भाऊ, हा रेडिएटर मेला नाही जी. याले पाण्यानं मारलं."

सौभाग्यवतींनी ती खपली पाहिली. "ही तर वणीच्या बंबातली," एवढेच त्या बोलल्या. दादांचा विषय तिथेच संपला, आणि मीही तो वाढवला नाही. संसारात काही क्षार तळाशीच राहू द्यावेत.

जुना रेडिएटर दुरुस्त का करू नये, हा काटकसरी प्रश्न मीही विचारला. काकांचा चेहरा उतरला. पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत. त्याची टाकी झाळ सोडवून उघडायची, नळ्यांतून सळई फिरवायची, गळक्या जागी डाग द्यायचा, की आणखी पाच वर्षे निघत. अशी कामे करणारे कारागीर गावोगाव होते. आताचा गाभा ॲल्युमिनियमचा, टाक्या प्लॅस्टिकच्या, आणि दोहोंमध्ये रबराची पट्टी दाबून बसवलेली. प्लॅस्टिकला डाग कसा देणार? वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरलाही हाच क्षारांचा रोग जडे, आणि तो धुऊन काढणे हे नेमाचे काम असे. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी आमची शकुंतला १९९४ पर्यंत वाफेवर होती. काकांनी तिची आठवण काढून एक दीर्घ निःश्वास सोडला आणि मग पान्ह्यांची पेटी उघडली.

आता प्रत्यक्ष काम. रविवारी पहाटे, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर ते करावे. पहिली गोष्ट, बॅटरीची ऋण तार सोडवून बाजूला ठेवावी. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही एकाएकी फिरू शकतो, आणि बोटे पुन्हा उगवत नाहीत. मग झाकण काढून, खाली पसरट घमेले ठेवून तळाची तोटी उघडावी. आमच्या तोटीतून प्रथम काहीच आले नाही. तिथेही चुना! शेवटी खालची नळीच सोडवावी लागली, आणि विटकरी रंगाचे पाणी भळभळले.

रबरी नळ्यांवर थोडे जास्त लिहितो, कारण लोक नवा रेडिएटर बसवतात आणि शंभर-दोनशे रुपयांच्या लोभाने जुन्या नळ्या तशाच ठेवतात. नळी चिमटीत दाबून पाहावी. चांगली नळी दबते आणि परत वर येते. जी भिजल्या पावासारखी पिचकते, जी लाकडासारखी कडक झाली आहे किंवा जिच्या टोकाला भेगा आहेत ती गेली असे समजावे. वरची नळी फुटते ती दाबाने. खालचीकडे पंप पाणी ओढून घेतो, म्हणून ती मऊ झाली तर वेगात असताना आत चेपते आणि मोटार घाटातच तापते, घरासमोर नाही. इंजिनाच्या मागे हीटरकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या बहुतेक सगळे विसरतात. आपल्याकडे हीटर कोण लावतो? पण पाणी त्यांतूनही फिरत असतेच.

जुनी नळी निघत नसेल तर ओढू नये, पिळावी. तरीही हटली नाही तर ब्लेडने लांबीत चीर देऊन सोलून काढावी. मात्र पाते खालच्या प्लॅस्टिकच्या तोंडाला लागता कामा नये. तिथे ओरखडा राहिला तर नवी नळीही ठिबकते. बसवताना आतून पाण्याचे बोट फिरवावे, तेलाचे नव्हे. तोंडावर जी उंच कड असते तिच्या पलीकडे नळी गेली पाहिजे आणि क्लिपही त्या कडेच्या मागेच आवळायची. माझी मुलगी हे काम माझ्याहून नेटके करते, तिची बोटे बारीक आहेत. "आवळ, पन रागानं नको आवळू पोरी," काका तिला सांगत होते.

पंखा त्याच्या चौकटीसह सुटला, वरचे दोन बोल्ट निघाले आणि जुना रेडिएटर उचलून बाहेर आला. नवा नेमक्या त्याच मापाचा आहे, खालच्या रबरी गाद्या जागेवर आहेत, एवढे पाहून तो बसवायला अर्धा तासही लागला नाही. ज्यांची मोटार आपोआप गिअर बदलणारी आहे त्यांनी मात्र हे घरी करू नये. कित्येक मोटारींत गिअरच्या तेलाच्या नळ्याही रेडिएटरला जोडलेल्या असतात. त्याच सपाट्यात थर्मोस्टॅटही बदलला. नवा रेडिएटर जोडण्यापूर्वी नळाच्या पाण्याने इंजिनाचे पोट धुतले. पाच बादल्या लागल्या. नळ तीन दिवसांनी आला होता, आणि सौभाग्यवती प्रत्येक बादली मोजत होत्या, हे नमूद करतो.

शेवटी पाणी कोणते घालायचे? येथे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असे पुष्कळ जण विचारतात. कूलंट गोठणे टाळते हे खरे, पण त्याने उकळबिंदूही चढतो, आणि त्यातली औषधे ॲल्युमिनियमला गंजू देत नाहीत. मोटारीच्या पुस्तकात लिहिलेल्या जातीचे कूलंट घ्यावे. तयार मिश्रण नसेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच घालावे. ते बॅटरीच्या दुकानात मिळते. मात्र तिथेच ॲसिडचीही बाटली असते, तेव्हा चिठ्ठी वाचून घ्यावी. आणि भरताना घाई नको. हळू ओतावे, हीटर पूर्ण उघडा ठेवावा, बॅटरी जोडून इंजिन मंद चालू करावे. पोटातली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि पातळी खाली जाते. तसतसे वर घालत जावे, मग झाकण लावावे. वरची नळी गरम झाली, पंखा दोनदा सुरू होऊन थांबला, की इंजिन बंद करून चहा घ्यावा. पुरते निवल्यावर पातळी पुन्हा पाहावी. आमची दोन पेले उतरली होती.

जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. ते चवीला गोडसर असते आणि जहर असते. गल्लीतले कुत्रे चाटेल, एखादे मूलही बोट बुडवेल. आम्ही घमेले क्षणभरही उघडे ठेवले नाही; ते पाणी घट्ट बुचाच्या डब्यात भरून, वर ठळक अक्षरांत "विष" असे लिहून गॅरेजमध्ये पोचते केले.

बुधवारी मी एकटाच कळंबच्या चिंतामणीपर्यंत जाऊन आलो. काटा मध्यावर, नळ्या कोरड्या. गुरुवारी बाबांना घेऊन निघालो. पूजा, औषधे, चष्मा. पुन्हा दहा वाजलेच. कडुनिंब मागे पडला तेव्हा बाबा झोपले होते. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि मीठ कमी करायला सांगितले, ते त्यांना अजून मान्य नाही.

भाऊबीजेला दादा वणीहून नव्या मोटारीने येणार आहेत. तिच्यात ते कोणते पाणी घालतात हे विचारायची माझी प्राज्ञा नाही. पण ओवाळणीच्या ताटाची तयारी आतापासून सुरू आहे, आणि फडताळात कुंकवाच्या करंड्याच्या खालच्या कप्प्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, कूलंटचा एक नवा कोरा डबा मी काल पाहिला.