शेजाऱ्याच्या तोंडावर दार

दिवाळी अंकात महागाईचे रडगाणे नको, असे संपादक म्हणतील. पण विषय चकलीच्या कढईतच उकळत असेल तर लेखकाने काय करावे? आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते आणि त्यात मोठा वाटा पामतेलाचा. २८ एप्रिल २०२२ रोजी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली. का? तर तिकडच्या गृहिणीला तेल परवडेना म्हणून! बंदी चार आठवडेही टिकली नाही. पण आमच्या कोल्हापुरात शिक्षकांच्या खोलीत तेवढ्यात त्या देशाचा जो उद्धार झाला तो विचारू नका. स्वार्थी काय, आपमतलबी काय!

पुढे ८ डिसेंबर २०२३ रोजी आपण कांद्याची निर्यात बंद केली. त्याच खोलीत समाधानाचे सुस्कारे! त्यांचा तो स्वार्थ आणि आमचे ते लोकहित, असा हा न्याय. ढाक्याच्या नि कोलंबोच्या बाईला चूल नसते काय? २०१९ साली आपण असेच दार लावले, तेव्हा बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन हसत हसत सांगितले, की आपण स्वयंपाक्याला कांद्याविना रांधायला सांगितले आहे. आपण हसलो, त्यांनी इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमारकडून कांदा आणला. गिऱ्हाईकाने एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढली की जुना दुकानदार विसरायला वेळ लागत नाही.

आमच्या उसाच्या मुलखात साखरेचेही तेच. जून २०२२ पासून निर्यातीला लगाम आणि २०२३-२४ च्या हंगामात तर दार बंदच. डिझेल महागले म्हणून त्याचे भाव कोणी शेतकऱ्यासाठी अडवून धरले नाहीत. मला महागाई भत्ता मिळतो (कधी थकतो, ही गोष्ट निराळी). बांधावरच्या माणसाला तो कोण देतो? मग माझी भाजी स्वस्त व्हावी म्हणून त्याने का झिजावे? गरिबाला स्वस्त द्यायचेच, तर सरकारने रास्त भावाने विकत घेऊन रेशनवर द्यावे. त्याला पैसा लागतो. बंदीला नुसता कागद पुरतो.

आणि तो कागदही कसा फिरतो पाहा. कांद्यावरची ती बंदी ४ मे २०२४ रोजी, चाळीस टक्के निर्यातकर ठेवून, उठली. कोल्हापुरात लोकसभेचे मतदान होते ७ मे रोजी. त्या तीन दिवसांच्या तोंडावर देशात कांद्याचा असा कोणता पूर आला होता, हे आमच्या खोलीतल्या जाणत्यांपैकी कोणी मला अजून सांगितलेले नाही.