अभिषिक्ताला हिशेब विचारा!

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सध्या एक वचन फार चलनात आहे. पाळकाला कुणी जमाखर्च विचारला, किंवा उपदेशातल्या एखाद्या विधानाला शास्त्राचा आधार मागितला, की व्यासपीठावरून गर्जना होते : देवाच्या अभिषिक्ताच्या वाटेला जाऊ नका, गेलात तर शाप लागेल! एवढ्यावर काम भागते. विचारणारा मान खाली घालतो. घरी गेल्यावर बायको काळजीने म्हणते, कशाला बोललात, लेकराबाळांना काही झाले तर? पुढच्या रविवारी चार ओळखीची माणसे त्याच्याशी हात मिळवायचे टाळतात, आणि महिन्याभरात तो कुटुंबासकट दुसरीकडे उपासनेला जाऊ लागतो किंवा कुठेच जाईनासा होतो. या एका वचनाच्या आडोशाने जो धंदा मांडला गेला आहे, त्याला धंदा म्हणण्याचे धैर्य आता मंडळीने दाखवले पाहिजे.

आधी ते वचनच पाहू. ते १०५ व्या स्तोत्रात आहे. तिथे अभिषिक्त म्हणून ज्यांचा उल्लेख आहे ते अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांचे कुटुंब : संख्येने मूठभर, परक्या मुलखातले उपरे, आज या राज्यात तर उद्या त्या राज्यात तंबू ठोकणारे. या निराधारांना बलाढ्य राजांनी छळू नये म्हणून देवाने राजांना दटावले, असा तो प्रसंग आहे. म्हणजे दुबळ्यांच्या रक्षणासाठी दिलेले हे कवच! आज ते कोण घालून बसले आहे? ज्याच्या हातात माइक आहे, ट्रस्टचा शिक्का आहे, बँकेच्या खात्यावर सही आहे, तो. आणि समोर हात जोडून बसली आहे धुणीभांडी करून दशांश देणारी विधवा. राजाला दटावणारे वचन राजाच्याच हाती देऊन प्रजेला दटावणे, हा शास्त्राचा खून आहे. दुसरा शब्द आमच्यापाशी नाही.

गुहेत हाती सापडलेल्या शौल राजावर दाविदाने, तो देवाचा अभिषिक्त म्हणून, हात टाकला नाही, हा दाखला पुढे येतोच. पण तो अध्याय तिथे संपत नाही. त्याच दाविदाने गुहेबाहेर येऊन, शौल तीन हजार निवडक माणसांनिशी समोर असताना, मोठ्याने हाक मारून त्याला जाब विचारला. अंगाला हात लावणे निराळे आणि जाब विचारणे निराळे. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा झाला आणि त्याने दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला लढाईत मारवले, तेव्हा नाथान संदेष्टा राजवाड्यात शिरला आणि त्याने राजाचे पाप राजाच्या पदरात घातले. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने सर्वांदेखत त्याला तोंडावर खडसावले. पेत्रापेक्षा मोठा अभिषिक्त आमच्या कोणत्या जिल्ह्यात जन्माला आला आहे, ते आम्हांला कुणी सांगावे! पौलाने स्वतःलाही सूट ठेवली नाही. आपण किंवा स्वर्गातला दूत जरी निराळी सुवार्ता सांगू लागला तरी त्याला शापित समजा, असे त्याने गलतीकरांना बजावले. आणि बिरुयातील लोक पौलाचा उपदेश रोज शास्त्राशी पडताळून पाहत, म्हणून लूकाने त्यांना थोर मनाचे ठरवले. प्रेषिताची पडताळणी करणारे लूकाच्या लेखी थोर. आणि आजच्या मंडळीत तेच काम करणारा बंडखोर ठरतो. तेच एखाद्या बाईने केले तर तिच्यात दुष्ट राणी ईजबेलचा आत्मा शिरला असे जाहीर होते.

आता या आडोशाआड काय विकले जाते ते पाहा. हॉल भाड्याचा, खुर्च्या प्लास्टिकच्या, प्रत्येक खुर्चीवर एक पाकीट. पाकिटावर छापलेले रकाने : नाव, मोबाइल, प्रार्थनेचा विषय, रक्कम. भिंतीवर क्यूआर कोड. प्रार्थनेचा विषय आणि रक्कम एकाच कागदावर शेजारी शेजारी! मुलीचे लग्न, नवऱ्याची दारू, पोराची नोकरी, गर्भाशयातली गाठ, या सगळ्यांच्या पुढे एक आकडा लिहायचा. वरून सांगितले जाते की हे बी आहे, जेवढे पेराल तेवढे शंभरपट उगवेल. पेरलेल्या पैशाची अशी कापणी कबूल करणारी ही शिकवण अमेरिकेतल्या ओरल रॉबर्ट्स यांनी गेल्या शतकात रूढ केली. ती टीव्हीवरून आणि नंतर मोबाइलवरून आमच्या वस्त्यांत आली. या शिकवणीची क्रूरता तिच्या दुसऱ्या टोकाला आहे. पीक आले नाही, तर दोष कुणाचा? पेरणाऱ्याचा! तुमचा विश्वास कमी पडला, तुमच्या घरात गुप्त पाप आहे, तुम्ही थोडे हातचे राखून दिले. पैसे घेणारा कधीच खोटा ठरत नाही आणि देणारी बाई पैशाने लुबाडली जाऊन वर पापी ठरते.

देवाच्या नावाने पैसा घेण्याबद्दल जुना करार काय सांगतो? अलीशा संदेष्ट्याने नामानाला कुष्ठरोगातून बरे केले तेव्हा अरामाच्या त्या सेनापतीने चांदी, सोने आणि उंची वस्त्रे पुढे केली. अलीशाने एक दमडी घेतली नाही. त्याचा चाकर गेहजी मात्र रथामागे धावत गेला, खोटे कारण सांगून त्याने दोन थैल्या चांदी आणि दोन पोशाख मागून आणले, घरात लपवले, आणि नामानाचे कोड घेऊन धन्यासमोरून बाहेर पडला. या गोष्टीवर रविवारशाळेत आम्ही चित्रे रंगवली. आज गेहजीच व्यासपीठावर उभा आहे.

पहिल्या मंडळ्यांनी या बाबतीत किती कडक पहारा ठेवला होता! 'डिडाखे' या नावाची एक प्राचीन ख्रिस्ती नियमपुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची. तिची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये हाती आली. फिरत्या उपदेशकांना कसे ओळखावे, हे तीत साध्या गावकऱ्यांसाठी लिहिले आहे. आलेल्याचा आदर करा. पण तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवला नाही तर तो खोटा संदेष्टा. निघताना भाकरीवाचून आणखी काही मागितले, पैसा मागितला, तर खोटा. आत्म्याच्या संचारात जेवणाचा थाट मांडायला सांगितला आणि स्वतःच जेवायला बसला, तर खोटा. सत्य शिकवतो पण शिकवल्याप्रमाणे वागत नाही, तोही खोटा. यातला एकही निकष समजायला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. ज्यांना वाचताही येत नव्हते त्या साध्या माणसांच्याही हाती ही परीक्षा दिली होती.

आणि रोमच्या मंडळीने काय केले? मार्कियन नावाचा श्रीमंत माणूस तिथे आला, त्याने मंडळीला दोन लाख सेस्टर्स या रोमन नाण्यांची देणगी दिली. पुढे तो शिकवू लागला की जुन्या कराराचा देव निराळा आणि येशूचा पिता निराळा. इसवी सन १४४ मध्ये मंडळीने त्याला बाहेर काढले आणि त्याचे पैसे त्याला परत केले. पैसे परत केले, हे पुन्हा वाचा. शिकवण खोटी ठरली, तेव्हा त्या माणसाच्या दानावर मंडळी चालवणे त्यांना पटले नाही. आमच्याकडे सभागृहाला पत्रे कुणी दिले आणि साउंड सिस्टिम कुणी दिली, हे पाहून शिकवणीचा खरेखोटेपणा ठरतो.

पैसा गेला तर पुन्हा मिळवता येतो. जीव गेला की गेला. म्हणून आमचा सर्वांत मोठा संताप औषधे बंद करायला लावणाऱ्यांवर आहे. प्रार्थना झाली, आता गोळी घेणे म्हणजे अविश्वास, असे सांगून मधुमेही माणसाचे इन्सुलिन सोडायला लावले जाते. क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सुटतात. मग तोच क्षय औषधाला न जुमानणारा होऊन घरातल्या लेकरांपर्यंत पोहोचतो. हे शिकवणाऱ्यांनी नवा करार उघडून पाहिला आहे काय? पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता. तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यावर पौलाने थोडा द्राक्षारस घे असा उपाय कळवला. आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत येथे आजारी अवस्थेत मागे ठेवले. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी त्याने तीनदा विनवणी केली आणि तो काटा निघाला नाही. मग पौलाचाही विश्वास कमी पडला होता काय? त्रफिमाच्या घरी गुप्त पाप होते काय?

ज्या मराठी मुलखात ख्रिस्ती माणसांनी मिरजेला रुग्णालय उभारले, जिथे डॉ. विल्यम वॉनलेस यांच्याकडे उपचारासाठी दूरदूरच्या गावांहून माणसे येत, जिथे कुष्ठरोग्याच्या जखमा धुणे हीच उपासना समजली गेली, त्याच मुलखात ख्रिस्ताच्या नावाने रुग्णाला दवाखान्यातून उठवून तेलाच्या बाटलीच्या स्वाधीन करायचे? प्रार्थना करा, रात्रभर करा, आम्हीही गुडघ्यांवर येऊ. पण रुग्णाच्या हातातली गोळी काढून घेणारा हात ख्रिस्ताचा नव्हे.

ही वाट कुठवर जाते ते जगाने २०२३ च्या एप्रिलपासून पाहिले. केनियातल्या शाकाहोलाच्या जंगलात एकामागून एक खड्डे उकरले गेले आणि चारशेहून अधिक प्रेते निघाली. त्यांत कितीतरी मुले. उपाशी मेलात तर येशू भेटेल, असे शिकवल्याचा आरोप पॉल मॅकेन्झी या उपदेशकावर आहे. तो काही एका रात्रीत जंगलात गेला नव्हता. शाळेविरुद्ध आणि दवाखान्याविरुद्ध त्याचा उपदेश आधीची अनेक वर्षे उघड चालला होता. ज्या दिवशी लोकांनी पहिल्या सभेत शाळा सैतानाची हे ऐकून आमेन म्हटले, त्या दिवशी पहिला खड्डा खणला गेला.

गर्दी जमते, म्हणजे देवाचा हात असलाच पाहिजे, असा युक्तिवाद आम्ही रोज ऐकतो. जर्मनीत जुलै १९३३ मध्ये प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या निवडणुका झाल्या आणि हिटलरचे गुणगान गाणारा 'जर्मन ख्रिस्ती' गट प्रचंड बहुमताने निवडून आला. त्याच नोव्हेंबरात बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये तुडुंब सभेत त्यांच्या एका पुढाऱ्याने जुना करार टाकून द्या अशी मागणी केली आणि टाळ्या मिळवल्या. विरोधात उभे राहिलेले थोडेच. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे ते जमले, आणि मंडळीला ख्रिस्ताशिवाय दुसरा नेता नाही, असे त्यांनी लिहून काढले. बहुमत एकीकडे आणि सत्य दुसरीकडे, हे तेव्हा घडले. आजही घडू शकते.

आता एक आक्षेप. आमचे काही ज्येष्ठ बंधू कळवळून म्हणतात : आधीच आपण थोडे, धर्मांतराच्या नावाने आपल्याकडे संशयाने पाहिले जाते, प्रार्थनासभांवर लोक चालून येतात, अशा वेळी घरचे धुणे चव्हाट्यावर कशाला? झाकली मूठ राहू द्या. त्यांची भीती खरी आहे आणि तिच्यामागचे दुःख आम्ही जाणतो. पण या झाकल्या मुठीत आता लुबाडलेल्या बायांचे मंगळसूत्र आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ साली, महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. चमत्काराच्या नावाने लोकांना फसवून पैसा उकळणे हा त्यात गुन्हा आहे, आणि तो गुन्हा बाबाने केला की बुवाने की पास्टरने, असा भेद त्यात नाही. पोलिसांनी दार ठोठावण्याआधी आपण आपले घर झाडले, तर त्यात कसली बदनामी?

पंडिता रमाबाईंचे नाव आम्ही अभिमानाने घेतो. त्यांच्यासारखे वागायला मात्र कचरतो. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी वाँटेजच्या मठवासिनी सिस्टर जेराल्डीन यांच्याशी वर्षानुवर्षे वाद घातला. जेराल्डीन यांचे प्रेम होते, त्यांचे उपकार होते, तरी रमाबाई म्हणत राहिल्या की पुरोहितांच्या एका जोखडातून मी नुकतीच सुटले आहे, दुसरे मानेवर घेणार नाही. मला शास्त्रातून पटवा. पुढे त्या स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावात बसून त्यांनी सबंध बायबल सोप्या मराठीत उतरवले, खेड्यातल्या साध्या बाईला पाळकाच्या मध्यस्थीशिवाय ते वाचता यावे म्हणून. ते काम संपवून त्या १९२२ साली गेल्या. आज खेड्यातल्या त्याच साध्या बाईची नात बायबल पिशवीत घालून सभेला नेते आणि ते उघडण्याऐवजी पाकीट भरते, हे आम्हांला सहन होत नाही.

म्हणून सांगतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेला निधी पौलाने एकट्याने हाताळला नाही. कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेले बंधू पाठवले. प्रेषिताला जे चालले ते आमच्या पाळकांना चालले पाहिजे. नोंदणीकृत ट्रस्टला दरवर्षी हिशेब तपासून घेणे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याने बंधनकारकच आहे; तो तपासलेला ताळेबंद वार्षिक सभेत मोठ्याने वाचला जावा आणि त्याची प्रत प्रत्येक सभासदाला मिळावी. खात्यावर एकट्या पाळकाची किंवा पाळक आणि पाळकीणबाईंची सही असेल तर ती त्याच सभेत बदलावी. प्रार्थनेच्या चिठ्ठीवरचा रकमेचा रकाना या रविवारपासून खोडावा. कुणी बरे झाल्याची साक्ष द्यायला उभे राहिले, तर डॉक्टरांचे आधीचे आणि नंतरचे कागद पंचांनी पाहिल्याखेरीज माइक देऊ नये. आणि जो कुणी रुग्णाला औषध सोडायला सांगेल, तो कितीही गोड गळ्याचा, कितीही मोठ्या गर्दीचा धनी असो, त्याला त्याच दिवशी व्यासपीठावरून खाली उतरवावे. पंच कचरत असतील तर सभासदांनी उतरवावे. सभासदही गप्प बसले, तर त्या रुग्णाच्या जिवाचा जाब आम्ही त्या प्रत्येकाला नाव घेऊन विचारू.