चालवता येते, लावता येत नाही

संध्याकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान थेरगावातल्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर उभे राहा. एक आवाज हमखास ऐकू येईल. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या... बस्स!" मग डिकीवर एक थाप. थाप जोरात पडली तर समजायचं, खांब थोडक्यात वाचला.

हा आवाज वॉचमनकाकांचा. आमचे काका सायकलवर येतात. त्यांना गाडी चालवता येत नाही. म्हणजे बारा लाखांची गाडी, आत इंजिनिअर, आणि ती दोन खांबांच्या मध्ये जाते ती आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात न लावलेल्या माणसाच्या "बस्स"वर. आणि गाडी घासली की शिव्या कुणाला? काकांना. "लक्ष कुठं होतं तुमचं?"

गाडी पार्क करण्याला आपण मराठीत 'लावणं' म्हणतो. पुस्तकं कपाटात लावतो, भांडी मांडणीत लावतो, तशी गाडी लावतो. म्हणजे जागच्या जागी, नीट, दुसऱ्याच्या पायात येणार नाही अशी. माझं म्हणणं एवढंच आहे: आपल्याला गाडी बनवता येते, हप्त्यावर घेता येते, चालवता येते. लावता येत नाही. जागा कमी आहे हे खरं, पण ते अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं हे, की आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, आणि शिकवलं नाही याचं कुणालाच काही वाटत नाही.

हे दुसऱ्या एखाद्या गावात चाललं असतं. पण आपण कुठे राहतो? इंडिका 1998 साली बाजारात आली ती इथल्या पिंपरीतून. आकुर्डीच्या बजाज स्कूटरवर अख्ख्या देशाची एक पिढी ऑफिसला गेली. चाकणला 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. मर्सिडीज आणि महिंद्राही तिथेच आहेत. भोसरीला नाशिक फाट्याजवळ सीआयआरटी आहे, रस्ता वाहतुकीचं प्रशिक्षण आणि संशोधन करणारी केंद्रीय संस्था, 1967 पासूनची. थेरगावात दर दुसऱ्या घरात कुणीतरी पेंट शॉपमध्ये, कुणी टूल रूममध्ये, कुणी क्वालिटीत. दिवसभर व्हर्नियर घेऊन मिलिमीटरचे भाग मोजणारा माणूस रात्री घरी येतो आणि गाडी लावतो 'अंदाजे'.

आता मी शिकले ते सांगते. पंधरा दिवसांचं पॅकेज, रोज अर्धा तास. मागच्या सीटवर आणखी दोघं आपापल्या पाळीची वाट बघत. डांगे चौकातून काळेवाडी फाटा आणि परत. क्लच आणि ब्रेक सरांच्याही पायाशी होते, त्यामुळे पहिला आठवडा गाडी नक्की कोण चालवत होतं हे मला आजही सांगता येणार नाही. रिव्हर्स शिकवला शेवटच्या दोन दिवशी, आणि तोही असा: "मागचा बांबू त्या काचेत दिसला की स्टिअरिंग फुल काट. पुढचा दिसला की सरळ." मी पाठ केलं. टेस्टला तेच केलं, पास झाले. मग घरच्या गाडीत बसले, तर काच वेगळी आणि बांबू नाहीच. जे शिकले होते ते त्या एका गाडीचं आणि त्या एका बांबूचं होतं.

आणि कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 15 चाचणीबद्दल आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की उमेदवाराला गाडी मागे घेता आली पाहिजे, आणि मर्यादित जागेत, डावीकडे किंवा उजवीकडे, ताबा ठेवून, बऱ्यापैकी अचूकपणे घालता आली पाहिजे. नियम 31 ड्रायव्हिंग स्कूलचा अभ्यासक्रम सांगतो. त्यात समांतर, तिरकं आणि काटकोनातलं, तिन्ही पार्किंग आहेत. खासगी गाडीसाठी प्रशिक्षण किमान 21 दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान 10 तास. माझे पंधरा अर्धे तास म्हणजे साडेसात. मी हे नियम लायसन्स मिळाल्यावर तीन वर्षांनी वाचले. तुम्ही वाचलेत?

मग लोक म्हणतात, "अगं, ते सवयीनं येतं." सवयीनं येतं ते शिकल्यावर. न शिकता सवय होते ती चुकीची.

आणि यात शिकण्यासारखं काय आहे? एक गोष्ट आहे, आणि चाकण-भोसरीच्या पोराला ती दोन मिनिटांत कळते. फोर्कलिफ्ट बघितलीय ना? तिची मागची चाकं वळतात. का? कारण तिला माल घेऊन रॅकच्या अरुंद गल्लीत तोंड घालायचं असतं. न वळणारी चाकं आधी आत जातात आणि वळणारी चाकं मागे, मोकळ्या जागेत, हवी तशी फिरतात. आपली गाडी रिव्हर्समध्ये टाकली की ती फोर्कलिफ्ट होते. न वळणारी चाकं आधी जागेत शिरतात, आणि नाक बाहेर, रस्त्याच्या बाजूला, फिरत राहतं. उलट तुम्ही नाक आधी घातलंत तर मागची चाकं आतून कापत येतात आणि गाडीची बाजू खांबाला घासते. म्हणून अरुंद जागेत रिव्हर्सच सोपा. तो अवघड म्हणून नाही, सोपा म्हणून शिकायचा.

बाकीचं याच्याच पोटात येतं. डिकी ज्या बाजूला न्यायची, स्टिअरिंग त्या बाजूला. डिकी डावीकडे गेली की नाक उजवीकडे फेकलं जातं, तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीला धोका मागून नाही, तुमच्या पुढच्या कोपऱ्याकडून असतो. हाफ क्लचवर, मुंगीच्या चालीनं. जमलं नाही तर पुढे घ्यायची आणि पुन्हा यायचं.

हे शेवटचं वाक्य आपल्याकडे कुणी म्हणत नाही. आपल्याकडे गाडी एका झटक्यात बसली पाहिजे. पुन्हा पुढे घेतली की हरलात. गेटवर दोन जण फोन खाली करून बघायला लागतात. मागचा हॉर्न देतो. पुरुष अडकला तर म्हणतात, "जागाच नाही हो." बाई अडकली तर म्हणतात, "बाई असेल." दोघांची गाडी तीच, खांब तोच.

खांब मात्र खरंच जवळ आला आहे. त्याचा हिशेब करून बघू. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली 2020 साली आली. तिच्यात चारचाकीची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरली आहे, आणि त्यातल्या निम्म्यापर्यंत जागा 2.3 बाय 4.5 मीटरच्या करायला परवानगी आहे. मारुती 800 रुंदीला 1,440 मिलिमीटर होती. 2.3 मीटरच्या चौकोनात ती बरोबर मधोमध उभी केली तर दोन्ही बाजूंना 43 सेंटिमीटर उरत. माणूस आरामात उतरत असे. 2019 ची हॅरिअर, जी आपल्याच पिंपरीत बनते, ती 1,894 मिलिमीटर. बाजूला उरतात 20 सेंटिमीटर. लांबीला ती 4,598, म्हणजे नाक दहा सेंटिमीटर बाहेर. गाडी फुगली, चौकोन आखडला, आणि शिकवणी मात्र त्या बांबूपाशीच राहिली. पूर्वी अंदाजे लावलं तरी खपून जायचं. आता दहा सेंटिमीटरची चूक झाली की शेजारच्या काकूंना ड्रायव्हरच्या सीटवरून सरकत डावीकडच्या दारानं उतरावं लागतं.

याची किंमत काकूच मोजतात असं नाही. माझ्या आईकडे लायसन्स आहे. ते कपाटात, साडीच्या घडीखाली असतं आणि बँकेत ओळखपत्र म्हणून बाहेर येतं. ती रस्त्यावर चांगली चालवायची. एकदा खाली स्टिल्टमध्ये गाडी लावताना मागचा दिवा खांबाला लागला. मोठं काही नव्हतं. पण बघणारे आठ-दहा जण होते, आणि बाबा खिडकीशी येऊन प्रेमानंच म्हणाले, "तू उतर, मी लावतो." त्या दिवसानंतर ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली नाही.

मग तीन वर्षांपूर्वी एका रात्री दोन वाजता बाबांच्या छातीत दुखायला लागलं. मी तेव्हा बाहेरगावी होते. गाडीची किल्ली भिंतीवर होती. आई शेजाऱ्यांची बेल वाजवत उभी होती. मी नंतर विचारलं, "रस्ता तर मोकळा होता गं, तू का नाही काढलीस?" ती म्हणाली, "रस्त्याचं काही नाही. खांबातून काढायची कशी, आणि तिथे गर्दीत लावायची कुठं, तेच डोळ्यांसमोर आलं." निघाली ॲसिडिटी. पण बेल वाजवायला गेलेली ती पाच मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत. चालवता येणारी बाई लावता येत नाही म्हणून चालवत नाही. अशा किती जणींची लायसन्स किती कपाटांत आहेत, हे आपापल्या घरात विचारून बघा.

आता तुमचे आक्षेप. पहिला: "कॅमेरा आहे की." आहे. 1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक आहेत, आणि ते उत्तमच झालं. आमच्या स्टिल्टमध्ये संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात, कारण मैदान नाही. चेंडू गाडीखाली जातो, त्यामागे एखादं वाकतं. तिथे एक 'बीप' मोलाचा आहे. पण बीप 'जवळ आलं' एवढंच सांगतो. कुठल्या बाजूला काटायचं ते सांगत नाही. आणि पुढचा कोपरा शेजाऱ्याच्या दारावर चाललाय, तेव्हा मागचा सेन्सर गप्प असतो. बीप वाजला की घाबरून ब्रेक मारणं म्हणजे गाडी लावता येणं नव्हे. काकांच्या जागी आपण यंत्र आणलं, स्वतः मात्र तिथेच आहोत.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: "प्रश्न जागेचा आहे. गाड्याच जास्त झाल्या. तुम्ही लोकांना काय शिकवता, महापालिकेला सांगा." सांगायलाच हवं. जपाननं 1962 सालीच कायदा केला, गाडी हवी तर ठेवायची जागा आधी दाखवा. आपल्याकडे तसं काही होईपर्यंत बिल्डरला, महापालिकेला, कंपन्यांना जाब विचारत राहू. पण सोळा नंबरच्या स्टॉपपाशी फुटपाथवर दोन चाकं चढवून उभी असलेली गाडी बघा. कित्येकदा दहा पावलांवर जागा असते, दोन गाड्यांच्या मधली. तिथे रिव्हर्स घ्यावा लागला असता, म्हणून ती फुटपाथवर आहे. तिच्यामुळे म्हातारी बाई रस्त्यावर उतरून चालतेय. आपल्याला न येणाऱ्या गोष्टीला आपण 'जागा नाही' हे नाव दिलंय. आणि जागा खरोखरच कमी असेल, तर मग नीट लावणं जास्त गरजेचं की कमी? दोन चौकोनांवर तिरकी उभी असलेली गाडी एका शेजाऱ्याची जागा खातेच.

तिसरा आक्षेप कुणी तोंडानं बोलत नाही: इतक्या क्षुल्लक गोष्टीवर एवढं काय लिहायचं. क्षुल्लक आहे म्हणूनच लिहिलं. मेट्रो आणायची तर कोट्यवधी रुपये लागतात. हे शिकवायला चार तास आणि दोन बादल्या लागतात.

खरंच दोनच बादल्या. मी अशीच शिकले. रविवारी सकाळी सात वाजता, कंपनीच्या बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर. बादल्यांत एकेक झाडू उभा केला, टेपनं 2.3 मीटर मोजले आणि बादल्या ठेवल्या. पहिल्या दिवशी अकरा वेळा झाडू पाडले. झाडू ओरडत नाही, हसत नाही, "उतर, मी लावतो" म्हणत नाही. चौथ्या रविवारी गाडी झाडूंच्या मध्ये बसली, आणि मला कळलं की माझ्यात काहीही कमी नव्हतं, फक्त हे तास कमी होते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. पॅकेजचे पैसे देण्याआधी विचारा: दहा तास प्रत्यक्ष चालवायला मिळणार का, आणि त्यातले किती रिव्हर्सचे? तिन्ही पार्किंग शिकवणार का? नाही म्हणाले तर नियम 31 दाखवा. मोबाइलमध्ये मिळतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गणपतीच्या वर्गणीनंतर दोन मिनिटं मागा आणि महिन्यातून एका रविवारची सकाळ मोकळ्या जागेत बादल्यांसाठी ठेवा. कुणी गाडी लावत असेल तर फोनमध्येच बघत राहा, ती तीनदा पुढे घेऊ दे. आणि ज्या घरात किल्ली भिंतीवर आणि लायसन्स कपाटात आहे, तिथे "उतर" म्हणू नका. तुम्ही उतरा.

आई अजून तयार नाही. गेल्या रविवारी मात्र टेपचं दुसरं टोक धरायला खाली आली होती.